हाजींची ऐन

बहारीनमधल्या, माहूजच्या आमच्या इमारतीच्या मालकांची ऐन आटली, ही बातमी आमच्यापर्यंत चुकीच्या रूपात पोचली. बातमी आणणारा माणूस विश्वासाचा होता. तो कुडाळकडचा. मालकांची गाडी चालवायचा आणि आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा. संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"वहिनी, हाजींचो डोळो गेलो."

"गेला म्हणजे?"

"सुकलो. पाणी येणा नाय. मोठो झील म्हणता, आता बंदच करून टाकूया. ईद झाली की."

मालकांना सगळी इमारत हाजी म्हणायची; मोठो झील म्हणजे त्यांचा थोरला मुलगा. आदल्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि ड्रायव्हरनेच त्यांना दवाखान्यात नेलं-आणलं होतं. तिथे कानावर पडून पडून ऐन म्हणजे डोळा, हा शब्द त्याच्या ओळखीचा झाला होता. अरबीत झऱ्यालाही ऐनच म्हणतात, हे कळायचं त्याला कारण नव्हतं. आमच्या इमारतीत पाणी नळाने येत होतं. नारळाला डोळे असतात, उसाला असतात, पण झऱ्याला डोळा म्हणायची आपल्याकडे रीत नाही. ऐन उन्हात, ऐन वेळी असं आपण दिवसभर म्हणतो. तो शब्दही अरबीतूनच आलेला आहे, पण बोलताना त्याचा अर्थ कोणी शोधत बसत नाही.

मी तेव्हा मनामातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. दुसरीकडून खात्री करून घेतल्याशिवाय बातमी लावायची नाही, असा तिथला नियम होता. जिन्यात तो पाळला गेला नाही. तासाभरात बातमी दुसऱ्या मजल्यावर पोचली.

दुसऱ्या मजल्यावर नागपूरचं बौद्ध कुटुंब राहत होतं. नवरा एका कंपनीत एसीचा टेक्निशियन होता. त्याने लगेच निदान केलं. "ड्राय आय असन ताई. एसीत बसून बसून होते."

"सत्तरीचा म्हातारा, दिवसभर बागेत असते," त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तो कधी एसीत बसला? तुम्हाले सगळ्या रोगात एसीच दिसते."

तरीही त्याने बाजारातून, तिथल्या सूकमधून, काळा गॉगल विकत आणला. आम्ही फळांची टोपली घेतली. त्या वर्षी रमजान हिवाळ्यात आला होता आणि नुकताच सुरू झाला होता. फळं इफ्तारला उपयोगी पडतील असा हिशेब होता. शुक्रवारी दुपारी ड्रायव्हरच्या गाडीतून सगळे हाजींना बघायला निघालो.

हाजींचं गाव सनाबिसच्या पलीकडे होतं. तिथे घरांच्या मागे खजुरीच्या बागा अजून शिल्लक होत्या. हाजी ओट्यावर बसले होते. त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते आणि आमच्यापेक्षा स्वच्छ होते.

"खयचो डोळो?" ड्रायव्हर स्वतःशीच पुटपुटला.

हाजींना हिंदी येत होती. तरुणपणी ते खजुराची गलबतं घेऊन मुंबईला जायचे आणि वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत तिथेच राहायचे. त्यांची हिंदी तेव्हाच्या मुंबईच्या धक्क्यावरची होती. आम्हाला पाहून ते उठले.

"तुम लोग मेरा ऐन देखने को आया?"

"हां हाजी. सुना तो बहुत बुरा लगा," टेक्निशियन म्हणाला आणि त्याने गॉगल पुढे केला.

हाजींनी गॉगल उलटसुलट करून पाहिला आणि डोळ्यांवर चढवला. "अच्छा है. उधर धूप है. यल्ला, चलो." आणि काठी टेकत ते घराला वळसा घालून बागेकडे निघाले.

"खंय चललो ह्यो?"

"डोळा दाखवाले कोणी घरामागं नेते का?" टेक्निशियन म्हणाला.

बागेच्या मध्यावर दगडाने बांधलेलं गोल कुंड होतं. उतरायला पायऱ्या होत्या. वरच्या पायऱ्या पावलांनी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, खालच्या खरखरीत राहिल्या होत्या. एके काळी त्या कायम पाण्याखाली असायच्या. तळाशी गुडघाभर हिरवं पाणी साचलेलं होतं. त्यात झावळ्या, तेलाचे डबे आणि गाडीचा एक टायर होता. हाजींनी काठी बोटासारखी तिकडे रोखली.

"ये मेरा ऐन. बेटा लोग बोलता है, मर गया."

टेक्निशियनने हळूच ड्रायव्हरकडे मान वळवली. "भाऊ, तू डोळा म्हणला होता."

"ह्योच तो," ड्रायव्हर म्हणाला. "सुकलो हा की नाय, बघ तूच."

पहिल्यांदा टेक्निशियनची बायको हसली. मग आवरणं कोणालाच जमेना. हाजी गॉगल लावून आमच्याकडे बघत राहिले, तेव्हा ड्रायव्हरनेच त्यांना सगळं सांगून टाकलं. हाजी इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यांनी गॉगल काढून डोळे पुसले आणि पुन्हा घातला.

"मेरा बेटा लोग एक दिन नहीं आया इधर," ते म्हणाले. "तुम गलती से आया. मगर आया."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते असं. ही ऐन त्यांच्या आजोबांच्या आधीपासूनची. तिच्या पाण्यावर हाजींची बाग आणि शेजारच्या बागा चालायच्या. प्रत्येक बागेची पाळी ठरलेली असायची. दर वर्षी थंडीत सगळं गाव कुंडात उतरून गाळ काढायचं. मग मुलं नोकऱ्यांना लागली, बागा विकल्या गेल्या आणि गाळ काढणं थांबलं. पाणी खाली गेलं. थोरल्या मुलाने एका इंजिनियरला आणून दाखवलं. तो म्हणाला, इथे आता काही नाही. ईदनंतर कुंड बुजवून तिथे फ्लॅट बांधायचे असं ठरलं. हाजींचं म्हणणं वेगळं होतं. झरा मेलेला नाही, त्याचं तोंड बंद झालं आहे. पण एकट्याने तोंड उघडण्याइतकी ताकद त्यांच्या हातात उरलेली नव्हती.

थोरला मुलगा त्याच दिवशी भेटला. सुटाबुटातला, शांत, चांगलं इंग्रजी बोलणारा माणूस. मी वर्तमानपत्रातली आहे हे कळल्यावर तो थोडा सावध झाला. बातमीसाठी आलेलो नाही, असं मी सांगितलं.

"माझ्या वडिलांना वाटतं मी झरा मारतो आहे," तो म्हणाला. "सगळ्या बेटाचं पाणी खाली चाललं आहे, तुमच्याच पेपरात येतं. झरा आधीच मेला. मी फक्त पुरतो आहे."

झरा मेला हे त्याचं म्हणणं खरं की हाजींचं, हे तेव्हा सांगता आलं नसतं. बेटाच्या पाण्याबद्दल तो म्हणत होता ते खरं होतं. पंप वाढले होते, जमिनीखालचं गोडं पाणी कमी होत होतं आणि ते सरकलं की त्याच्या जागी खारं शिरत होतं. त्याच्या बातम्या माझ्याच टेबलावरून गेल्या होत्या.

"आम्ही एकदा गाळ काढून बघितला तर?" मी विचारलं.

तो हसला. "काढा. इंशाल्ला निघेल काहीतरी. पण ईदनंतर हा विषय मला नको."

परतताना गाडीत वाद झाला.

"म्हणजे आता घरमालकासाठी फुकटात राबाचं का?" टेक्निशियन म्हणाला. "आठवडाभर कंपनी पिळते, शुक्रवारी हाजी."

"मी तुका बोलयलंय काय? तू येव नको," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्याकडे शिमग्याआधी बावीतलो गाळ काढूक अख्खी वाडी उतरता. कोणाची बाव, कोण इचारणा नाय."

"वाडीतले सगळे उतरते?"

"सगळे."

"सगळे म्हणजे कोण कोण, ते सांग."

ड्रायव्हरने गाडीचा वेग वाढवला. अडचण आणखीही होती. ज्याच्या व्हिसावर आलो त्याच्याखेरीज दुसऱ्याचं काम करणं कायद्यात बसत नव्हतं. त्यावर टेक्निशियनच्या बायकोने तोडगा काढला. "कोणी विचारलं तर सांगा, आंघोळीला गेलो होतो. अंगभर चिखल पाहून कोण नाही म्हणन?"

पुढच्या शुक्रवारी टेक्निशियन सगळ्यांच्या आधी खाली येऊन गाडीपाशी उभा होता. त्याने अवजारांची पेटी आणली होती. हाजींच्या बागेतला जुना पंप त्याने खोलून, पुसून चालू केला आणि साचलेलं पाणी उपसायला सुरुवात झाली. ड्रायव्हरने माहूजमधून आणखी चार-पाच माणसं आणली होती. सगळी कोकणातली आणि सगळी सूचना देणारी.

पाणी उपसून झालं आणि आत उतरायची वेळ आली, तेव्हा ड्रायव्हरने पिशवीतून नारळ काढला.

"ह्यां कित्याक?" त्यांच्यातलाच एक जण म्हणाला. "हंय मुसलमानांचा पाणी."

"पाणी पाणीच. उतरूचा म्हणजे नारळ देवक व्हयो. नायतर मी उतरणंय नाय."

टेक्निशियनने हात वर केले. "मी नारळ-बिरळ फोडत नाही. तुमचं तुम्ही पाहा."

हाजींनी काठावरून विचारलं, "क्या है?" ड्रायव्हरने आपल्या हिंदीत समजावलं. हाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इधर अल्लाह का पानी है," ते म्हणाले. "नारियल पानी को नहीं चाहिए. आदमी को चाहिए. मग़रिब के बाद रोज़ा खुलेगा, तब फोड़ो, सब खाएगा."

ड्रायव्हर नारळ हातात धरून उभा राहिला. बाकीचे त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात टेक्निशियनने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायऱ्या उतरून सरळ चिखलात उभा राहिला.

"माह्या आज्यानं गावच्या विहिरीत कधी वाकून पाह्यलं नाही," तो खालून म्हणाला. "पाहू देत नव्हते. मी आत उभा आहो. फावडं द्या."

ड्रायव्हरने नारळ पायरीवर ठेवला आणि फावडं घेऊन स्वतःच खाली गेला. दोघांपैकी एक गाळ घमेल्यात भरायचा आणि दुसरा उचलायचा. आम्ही बायका वरच्या पायरीवर घमेली घेऊन गाळ खजुरीच्या बुंध्यांशी टाकत होतो. रोज्याच्या दिवशी उघड्यावर पाणी प्यायचं नाही, एवढं सगळ्यांनी पाळलं. तहान लागली की माणसं एकेक करून गाडीमागे जाऊन येत. हाजींना ते दिसत होतं. ते तिकडे बघायचे नाहीत.

त्या दिवशी टायर निघाला, डबे निघाले, खजुरीचं एक अख्खं खोड निघालं. पाणी निघालं नाही. तळ काळा आणि घट्ट होता. संध्याकाळी थोरला मुलगा गाडीतून उतरला, कुंडात डोकावला आणि सरळ घरात गेला. हाजी त्याच्या पाठीकडे बघत उभे राहिले. ईदच्या आधी दोनच शुक्रवार उरले होते.

आठवडाभर इमारतीत तोच विषय होता. टेक्निशियनचा मुलगा इंग्रजी शाळेत जायचा. त्याने विचारलं, "पप्पा, इज देअर वॉटर ऑर नॉट?"

"मफी," टेक्निशियनने उत्तर दिलं. हा अरबी नकार इमारतीतल्या प्रत्येक मुलाला समजत होता.

पुढच्या शुक्रवारी कंपनीने टेक्निशियनला ओव्हरटाइमला बोलावलं आणि ड्रायव्हरला थोरल्या मुलाने विमानतळावर पाठवलं. काम झालंच नाही. हाजी एकटेच घमेलं घेऊन उतरले होते, असं नंतर कळलं. त्यांच्या बायकोने त्यांना हाताला धरून वर आणलं. त्या शुक्रवारनंतर कामाला नाही म्हणणारं इमारतीत कोणी उरलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी माणसं दुपटीने आली. कोकणातली होती, नागपूरकडची दोन कुटुंबं होती आणि शेजारच्या बागेतला एक म्हातारा बहारिनीही होता. तो हाजींच्या बरोबरीचा. लहानपणी याच कुंडात पोहायला शिकलो, असं तो सगळ्यांना सांगत फिरत होता. त्यानेच काठावर उभं राहून जागा दाखवली. झऱ्याचं तोंड मधोमध नव्हतं, पश्चिमेच्या भिंतीलगत होतं. मागच्या वेळी आम्ही मधोमध खणलं होतं.

"हाजी, आपने बताया नहीं?" टेक्निशियन खालून ओरडला.

"मैं बीच में बोला था?" हाजी म्हणाले.

"बोला था!" चार-पाच आवाज एकदम उठले.

हाजींनी शेजाऱ्याकडे पाहिलं. दोघांचं अरबीत भांडण जुंपलं. ते चालू असतानाच भिंतीलगतचा गाळ निघत होता. दुपार कलली तशी काळा थर संपून पांढरी वाळू लागली. वाळू ओली होती. मग तिच्यात हातभर रुंदीचा एक भाग हलायला लागला. मंद आचेवर पेज रटरटावी तशी वाळू जागच्या जागी उकळत होती. ड्रायव्हर फावडं टाकून मागे सरला.

"इलां," तो म्हणाला. "पाणी इलां!"

पाणी स्वच्छ होतं. पसाभर खळगा भरला, मग घमेलं बुडेल एवढा. माणसं ओरडत होती. फक्त हाजी ओरडले नाहीत. ते पायऱ्या उतरून खाली आले, वाकले आणि पाण्यात हात घातला. मग ओला हात तसाच धरून उभे राहिले. समुद्राचं पाणी आत शिरलेलं असलं तर या सगळ्याला काही अर्थ नव्हता. खाऱ्या पाण्यावर बाग जगली नसती आणि मुलाचं म्हणणं खरं ठरलं असतं. ते कळायचा मार्ग चाखून बघणं हाच होता आणि हाजींचा रोजा होता. शेजाऱ्याचाही.

हाजींनी टेक्निशियनकडे पाहिलं. "तू चख."

"मैं?"

"तेरा रोज़ा नहीं. तू पहला उतरा था. चख और सच बोल."

टेक्निशियनने चिखलाचे हात त्याच पाण्यात धुतले. नवं पाणी वर येईपर्यंत थांबला. मग त्याने ओंजळ भरली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने घोट तोंडात बराच वेळ ठेवला.

"गोड म्हण रे," ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला. "गोड म्हण. म्हाताऱ्याक बरां वाटात."

टेक्निशियनने घोट गिळला. "थोडा खारा है, हाजी," तो म्हणाला. "समुंदर जैसा नहीं. पी सकते. मगर थोडा खारा है."

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. हाजींनी मान हलवली, दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

"मेरे बाप के टाइम में भी थोड़ा था," ते म्हणाले. "आदमी के लिए थोड़ा खारा. खजूर के लिए मीठा है."

मग़रिबची बांग झाली तेव्हा चटया बागेतच अंथरल्या होत्या. हाजींच्या घरच्या बायका भांडी घेऊन आल्या. थोरला मुलगाही आला. त्याला कोणीतरी फोन केला होता. हाजींनी खजूर खाऊन रोजा सोडला. मग ऐनच्या पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायला आणि उरलेला मुलापुढे धरला. मुलाने पेल्याकडे पाहिलं. त्याची आई एक वाक्य बोलली. ती फक्त अरबी बोलायची. तिच्या नातीने मला इंग्रजीत सांगितलं: चाळीस दिवसांचा होतास तेव्हा मी तुला या पाण्यात पहिली आंघोळ घातली, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढा रडलास.

मुलगा पाणी प्यायला. जेवण झाल्यावर बूट काढून एकटाच पायऱ्यांनी खाली गेला. वर आला तेव्हा त्याचे मोजे ओले होते. तो माझ्यापाशी थांबला.

"हे टिकणार नाही, तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "दहा वर्षं, फार तर."

"असेल."

"वडील सत्तरीचे आहेत," तो म्हणाला. मग बूट उचलून घराकडे वळला.

ईदनंतर मुरमाचे ट्रक आले. ते बागेच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्यालगत रिकामे झाले. फ्लॅटचा नकाशा त्या बाजूला सरकवला होता. खजुरीची तीन-चार झाडं त्यात गेली. हाजींनी त्याबद्दल तक्रार केली, पण फार मनापासून नाही. पाटातून पाणी फिरू लागलं. उन्हाळ्यात खालची पायरी उघडी पडायची, थंडीत बुडायची. शुक्रवारी आमच्या इमारतीतली मुलं तिथे पोहायला शिकली. एकमेकांना इंग्रजीत घाबरवत आणि बुडायची वेळ आली की मराठीत ओरडत.

पुढच्या थंडीत गाळ काढायला आम्ही गेलो तेव्हा थोरला मुलगा आधीच कुंडात उतरलेला होता. ऑफिसचा शर्ट काढून, बनियनवर. त्याला घमेलं धरता येत नव्हतं. अर्धा गाळ पायऱ्यांवरच सांडत होता आणि हाजी काठावरून अरबीत अखंड ओरडत होते.

"काय म्हणून राहिले?" टेक्निशियनने विचारलं.

ड्रायव्हरने कान देऊन ऐकलं. "माका अर्धांच कळता," तो म्हणाला. "पण बापूस झिलाक म्हणता तांच. आमचो बापूससुद्धा हेच म्हणा होतो." मग त्याने बाह्या वर केल्या आणि मुलाच्या हातातलं घमेलं नीट धरून दाखवायला पायऱ्या उतरला.